हॅरी बेलाफॉन्टे सुरुवातीपासून लोकगीतंच गायचे का?

नाही, अमेरिकी गायक बेलाफॉन्टे यांनी सुरुवात पॉप आणि जॅझने केली. लोकगीतांकडे ते नंतर वळले. १९४९मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात ते पहिल्यांदा गायले, तेव्हा साथीला सॅक्सोफोनवर चक्क जॅझचा दिग्गज चार्ली पार्कर होता! पण त्या गाण्यांत त्यांचं मन रमेना. मग लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लोकगीतांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांनी नवी गाणी बसवली. १९५६चा ‘कॅलिप्सो’ अल्बम हे त्याचंच फळ; बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो ३१ आठवडे पहिला होता. फक्त अल्बमच्या नावावर जाऊ नका: त्यातलं गाजलेलं ‘डे-ओ’ हे त्रिनिदादचं कॅलिप्सो (तिथला लोकसंगीताचा प्रकार) नव्हे, जमैकाचं श्रमगीत आहे. रात्रभर केळीचे घड लादणारे मजूर त्यात मोजणी करणाऱ्या कारकुनाला हाक मारतात, घरी सोड म्हणून.