तुमचे प्रश्न : रुमॅटिक ताप आणि हृदयाची झडप

शाळेतल्या तपासणीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हृदयात वेगळा आवाज आला. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर झडपेवर रुमॅटिकचा किंचित परिणाम निघाला. आता दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्या म्हणतात. पोरगा तर दिवसभर हुंदडतो. खरंच गरज आहे? — एक आई, मालवण

ताई, हा प्रश्न डॉक्टरांनाही बरीच वर्षं छळत होता. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा धरला की शरीर त्याच्याशी लढायला उठतं, आणि काही मुलांत तोच मारा स्वतःच्या सांध्यांवर, झडपांवर उलटतो; हाच रुमॅटिक ताप. पुन्हा घसा, पुन्हा घाव; इंजेक्शन ते टाळायला. रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलांना इंजेक्शन हवंच, यात वाद नव्हता. पण ज्याला काहीच त्रास नाही, फक्त इकोत दिसतं, त्याचं काय?

युगांडात अशाच ८१८ मुलांवर अभ्यास झाला; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन दिलं, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढलेला होता, बाकीच्यांत ८.२ टक्के. म्हणजे न घेणाऱ्यांतही बहुतेक मुलं दोन वर्षं ठीक राहिली, हेही सांगायला हवं. तरी माझं मत, घ्या. कुणाचा आजार वाढणार हे आधी ओळखता येत नाही, आणि आखडलेली झडप औषधाने मोकळी होत नाही.

सुई दुखते, हे खरं. औषध कोमट करून सावकाश टोचलं तर जरा सुसह्य होतं. पेनिसिलिनची ॲलर्जी कधी दिसली असेल तर आधीच सांगा, आणि टोचल्यावर थोडा वेळ आरोग्य केंद्रातच थांबा. तारखा चुकतात त्या हमखास चतुर्थीला आणि मे महिन्यात, घर मुंबईकरांनी भरलेलं असताना. तेवढं सांभाळा.

वय ४४. गुडघे दुखतात, रक्ताच्या तपासणीत एएसओ ४०० आला, म्हणून पेनिसिलिन सुरू केलंय. — चिपळूण

एएसओ वाढला याचा अर्थ एवढाच की मागे कधीतरी स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेला. नुसत्या त्या आकड्यावर रुमॅटिक ताप ठरत नाही. पहिला झटका बहुतेक ५ ते १५ या वयात येतो. तुमच्या गुडघ्यांचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. कागदावरचा आकडा बघून वर्षानुवर्षं सुया घेणारे अनेक भेटतात, तेव्हा चिडचिड होते.

वडिलांची झडप अरुंद आहे, ठोकेही अनियमित. रक्त पातळ करायच्या गोळीसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासायला सारखं रत्नागिरीला जावं लागतं. तपासणी न लागणारी नवी गोळी चालेल का? — हर्णै

नाही. मलाही वाटलं होतं की नवी गोळी सरस ठरेल. पण भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुमॅटिक रुग्णांत रिव्हारोक्सॅबॅन या नव्या गोळीची जुन्या गोळीशी तुलना झाली, आणि २०२२ मध्ये निकाल उलटा आला: जुन्या गोळीवर मृत्यू कमी, आणि रक्तस्राव जास्त झाला असंही नाही. तेव्हा एसटीचा फेरा चुकत नाही. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला एकदम भरपूर खाल्ला तर आयएनआर खाली येतो. भाजी बंद करू नका, प्रमाण साधारण तेच ठेवा.

लस कधी येणार? — गुहागर

प्रयत्न चालू आहेत. स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरच्या एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, एकच लस सगळ्यांवर चालवणं अवघड, घोडं तिथे अडतं. सध्या उपाय हाच : मुलाला ताप आणि गिळताना दुखणं असेल, सर्दी-खोकला नसेल, तर घसा डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोकॉकस असेल आणि नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं, तर रुमॅटिक ताप टळू शकतो.