मालगाडीचा शेवटचा डबा अंगणात आणताना

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गावाबाहेरच्या आमच्या जागेत तिथल्या मालगाडीच्या शेवटी कर्मचाऱ्यांसाठी जोडला जाणारा जुना ‘कबूस’ डबा आणून, दुरुस्त करून पाहुण्यांची खोली करण्याचा विचार आहे. डबा पोलादी, १९४० च्या दशकातील असून त्याच्या छतावर टेहळणीची घुमटी आहे. विक्रेता किंमत फारच कमी सांगतो. घेताना काय पाहावे? आतील कोळशाची शेगडी ठेवावी का?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : किंमत कमी आहे, कारण डबा हलविण्याचा खर्च तुमच्या माथी येणार आहे आणि तो पुष्कळदा किमतीहूनही अधिक होतो. त्यामुळे डबा पाहायला जाण्याआधी झोनिंग कार्यालयात, म्हणजे जागेच्या वापराचे नियम पाहणाऱ्या कचेरीत, चौकशी करावी. चाके रुळांवर असली, तरी माणसे झोपणार म्हटल्यावर असा डबा बहुधा वाहन न राहता बांधकाम ठरतो आणि वीज, सांडपाणी यांचे नियम त्याला लागू होतात.

पोलादी कबूसचे वजन साधारण २० ते २५ टन भरते. त्या काळातील साध्या (रोलर नसलेल्या) बेअरिंगची चाके असतील, तर मोठ्या रेल्वे कंपन्या तो आपल्या गाडीला जोडून घेणार नाहीत; म्हणजे रस्त्यानेच आणावा लागेल. डब्याचे धड दोन्ही बोगींवर (खालच्या चाकांच्या सांगाड्यांवर) मधल्या खुंट्यांभोवती केवळ स्वतःच्या भाराने बसलेले असते, त्यामुळे ब्रेकच्या कांड्या सोडवल्या की क्रेनने ते उचलून एका ट्रेलरवर आणि बोगी दुसऱ्यावर ठेवता येतात. तरीही रुंदी साडेआठ फुटांच्या मर्यादेबाहेर जाते, घुमटीमुळे उंचीही साडेतेरा फुटांच्या पुढे जाऊ शकते, आणि त्यासाठी खास परवाना लागतो. खडी, स्लीपर आणि १४३५ मिलिमीटर अंतरावरचे रूळ आधीच तयार ठेवा. क्रेनचे भाडे तासावर चढत असताना लेव्हल काढत बसणे परवडत नाही.

डब्याचा खरा शत्रू पाणी. घुमटी छताला मिळते तो सांधा, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि बाजूच्या पत्र्याचा तळ या तीन जागी हलक्या हातोडीने ठोकून पाहा : धड पत्रा ठणठणतो, गंजलेला बद्द वाजतो. सोबत लोहचुंबक न्यावा, कारण रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून बुजविलेल्या भोकावर तो चिकटत नाही. ताज्या रंगाने चकाकणाऱ्या डब्यापेक्षा पापुद्रे सुटलेला डबा मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र ते पापुद्रे कोरडे घासू नयेत. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आली, तुमचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. नळ्यांभोवतीचे किंवा भिंतीतील जुने वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असू शकते, तेव्हा तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

नवा रंग देण्यापूर्वी बॅटरीचा झोत तिरपा धरून बाजूचा पत्रा निरखा. जुन्या आकड्यांच्या कडा बहुधा दिसतात, आणि क्रमांक हाती आला की त्या रेल्वेच्या इतिहासमंडळाकडे मूळ आराखडा व रंग यांची विचारणा करता येते.

आतील रचना शक्यतो मोडू नका, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या मालगाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये गार्ड बहुधा एकटाच बसे. कबूस मात्र कंडक्टर (गाडीचा प्रमुख) आणि ब्रेकमन (त्याचा मदतनीस) यांची कचेरी, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा असे. घुमटीतील आसनावरून ते पुढच्या डब्यांवर नजर ठेवीत आणि तापलेल्या बेअरिंगचा धूर शोधीत. १९८० च्या दशकात हे काम रुळालगतची यंत्रे आणि शेवटच्या डब्याला लावायचे छोटे उपकरण यांच्याकडे गेले, म्हणूनच असे डबे विक्रीला आले.

शेगडी ठेवावीच. गाडीला हिसका बसला तरी भांडे घसरू नये म्हणून तिच्या माथ्याला उभी कड असते आणि पाय जमिनीला बोल्टांनी जखडलेले असतात. अशी शेगडी पुन्हा मिळणे कठीण. पण धुराडे जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत ती पेटवू नका, आणि तिच्याखालची फळी उचलून पाहा, कारण तिथले लाकूड जळके किंवा कुजके निघण्याचा संभव असतो.