परदेशात गाडी चालवायचीय? आधी सांगा, पाहुणे म्हणून जाताय की राहायला

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मुलीकडं जर्मनीत गाडी चालवली, तर या महिन्यात आलेली निम्मी पत्रं त्यावरचीच निघाली. मे महिन्याची तिकिटं काढून झालेली दिसतायत सगळ्यांची. साताऱ्यात सव्वीस वर्षं लोकांना क्लच सोडायला शिकवलं पण इतके प्रश्न कधी एकदम आले नव्हते. चार पत्रं निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं त्यातच कुठंतरी सापडतील.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही दोघं एप्रिलमध्ये मुलाकडं इंग्लंडला, लेस्टरला तीन महिन्यांसाठी चाललोय. ह्यांना तिकडं गाडी चालवायची फार हौस. इथल्या एका एजंटनं सांगितलंय की सात हजारात इंटरनॅशनल लायसन, दहा वर्षं व्हॅलिड, आरटीओत यायची पण गरज नाही. काढू का? मुलगा तर दोन वर्षं तिकडं नोकरीला आहे आणि आपल्या एमएच ११ च्याच लायसनवर चालवतोय, त्याला कधी कुणी अडवलं नाही.
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, आधी त्या एजंटचं बघू. इंटरनॅशनल लायसन अशी वेगळी काही वस्तूच नसते. जे मिळतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आयडीपी म्हणतात त्याला, आणि ती काय असते तर तुमच्या इथल्या लायसनचं परदेशी पोलिसाला वाचता येईल असं भाषांतर. आपल्याकडं १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार ती देतात आणि देतं फक्त आरटीओ. सरकारी फी हजार रुपये. मुदत एक वर्ष, किंवा मूळ लायसन संपेल तोपर्यंत, जे आधी येईल ते. जगात कुठल्याच देशाची आयडीपी तीन वर्षांवर चालत नाही, मग ह्या एजंटची दहा वर्षांची कुठून आली ते तुम्हीच ओळखा. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्ट, व्हिसा, तिकिटाच्या कॉपी आणि फोटो घेऊन जायचं, पुस्तिका मिळते. २०२२ पासून देशभर एकाच नमुन्याची पुस्तिका आहे आणि त्यावर क्यूआर कोड असतो, त्यामुळं खोटी पुस्तिका आता लवकर उघडी पडते. आणि हो, परमिट एकटं दाखवून चालत नाही, मूळ लायसन बरोबर पाहिजेच, ते घरी कपाटात ठेवून जाणारे मी बघितलेत.

आता गंमत अशी की इंग्लंडला तुमच्या ह्यांना ती लागतच नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला आपल्या चालू लायसनवर तिथं पोचल्यापासून बारा महिने कार चालवता येते. भाड्यानं गाडी घेणार असाल तर काही कंपन्या आयडीपी मागतात म्हणून हजार रुपये घालून काढून ठेवा, वाया जाणार नाही.

पण ताई तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ शेवटची आहे आणि ती तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय. मुलगा पाहुणा नाही, तो तिथला रहिवासी झालाय. त्यालाही बारा महिनेच मिळतात, राहायला गेल्या दिवसापासून, आणि ते संपून वर्ष झालं. म्हणजे आज तो कायद्यानं बिनलायसनचा आहे. आणि लायसनच चालत नाही म्हटल्यावर इन्शुरन्सही गेल्यातच जमा, तिकडं बिनाइन्शुरन्स सापडलं की जागेवर ३०० पौंड आणि सहा पेनल्टी पॉइंट, वर गाडी उचलून नेतात ती वेगळी. अडवलं नाही म्हणजे चालतंय असा अर्थ लावू नका, एखादा किरकोळ धक्का लागू दे, सगळी कागदं बाहेर येतील. काही देशांची लायसन तिथं नुसती बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. त्यानं आजपासून गाडी ठेवून द्यावी आणि प्रोव्हिजनल, म्हणजे तिथल्या शिकाऊ लायसनला अर्ज करावा, मग थिअरी, मग रस्त्यावरची टेस्ट. लाल एल लावून आपला पोरगा शिकाऊ म्हणून चाललाय हे बघायला तुम्हाला जरा कसंतरी होईल पण त्याला इलाज नाही. दहा वर्षं चालवणारे पण तिकडं पहिल्या टेस्टला नापास होतात, कारण आरशात बघितलं की नाही ते परीक्षक मोजत बसतो आणि आपण तर आरसे दुमडून फिरणारी माणसं.

आणि ह्यांनी मुलाच्या गाडीला हात लावायच्या आधी त्या इन्शुरन्समध्ये त्यांचं नाव घालून घ्या. आपल्याकडं पॉलिसी गाडीची असते, चालू लायसनचा कुणीपण चालवतो. तिकडं पॉलिसीत नाव लिहिलेलं असेल तोच चालवणार.

आपली साइड तीच आहे म्हणून सोपं वाटेल. सर्कलला मात्र उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आपल्यासारखं जो आधी नाक घालेल त्याचं असं नाही. पाट्या मैलात, वस्तीत ३० म्हणजे आपले ४८, आणि वेल्समध्ये गेलात तर २०२३ पासून बहुतेक वस्त्यांत २०. अजून एक, समोरच्यानं डिपर मारला तर आपण काय समजतो, मी येतोय, थांब. तिकडं बऱ्याचदा त्याचा अर्थ तुम्ही जा असा असतो. नियमपुस्तकात तसं लिहिलेलं नाही म्हणून डोळे झाकून निघू नका, पण दोघंही थांबून एकमेकांकडं बघत बसला असाल तर कारण हे आहे.

प्रश्न : कराडचा आहे, दुबईला जॉब लागलाय. सुरुवातीला व्हिजिट व्हिसावर जाणार मग कंपनी रेसिडेन्स करणार. आयडीपीवर भागेल ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : व्हिजिट व्हिसा आहे तोवर भागेल, भाड्याची गाडी मिळेल. रेसिडेन्स लागला की त्या दिवसापासून तिथलं लायसन पाहिजे, आयडीपी कितीही नवी असली तरी. म्हणजे पुन्हा तेच, पाहुणा की रहिवासी. पहिल्या पगारातले पैसे ड्रायव्हिंग स्कूलसाठी बाजूला काढ भावा, स्वस्त नाही ते. आणि पिऊन गाडी, तर तिकडं अमुक एमएलपर्यंत चालतंय असला हिशोबच नाही, शून्य म्हणजे शून्य.

प्रश्न : माझे वय ६७. मेलबर्नला मुलीकडे जायचे आहे. लायसनची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली हे आत्ता लक्षात आले. सरळ आयडीपी काढली तर?
– एक आजोबा, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आजोबा, मूळच संपलंय तर भाषांतर कशाचं करणार? आधी रिन्यू करा, आणि घाई करा कारण मुदत संपून एक वर्ष उलटायच्या आत असाल तर साधं रिन्यूवल होतं, वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते. चाळिशीच्या पुढं डॉक्टरचा १ए फॉर्म लागतो, तो बरोबर घेऊनच सांगलीच्या आरटीओत जा म्हणजे हेलपाटा वाचेल. तुमच्या वयाला पाच वर्षांचं मिळेल. स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं त्यामुळं पाहुण्याला तिकडं अडत नाही. बाकी साइड आपलीच, फक्त मेलबर्नच्या मध्यवस्तीत ट्राम असलेल्या काही चौकांत उजवीकडं वळायला गाडी डावीकडं नेऊन थांबावं लागतं, हूक टर्न म्हणतात. मुलीला म्हणावं तिथं तूच चालव.

प्रश्न : मिरजेचे आम्ही चौघे मित्र फुकेतला चाललोय, तिथं स्कूटर भाड्यानं घेणार. एकाकडं फक्त कारचं लायसन आहे, तो म्हणतो तिकडं कोण बघतंय. आणि माझी बहीण फ्रँकफर्टला असते, पुढच्या वर्षी तिकडं जाणार आहे, तर उजव्या साइडनं चालवायचं टेन्शन आलंय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : स्कूटर देणारा दुकानदार खरंच बघत नाही, त्याला भाडं पाहिजे असतं. बघतो तो इन्शुरन्सवाला, तेही तुम्ही पडल्यावर. आयडीपीत ए म्हणजे दुचाकी, बी म्हणजे कार, आणि इथल्या लायसनवर दुचाकी असेल तरच ए वर शिक्का पडतो. तो नसताना पाय मोडला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या घरच्यांना भरावं लागतं. त्या मित्राला मागं बसवा, हेल्मेट त्यालाही. दुकानदार डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागेल तो देऊ नका, रोख द्या, एक ओरखडा दाखवून पासपोर्ट अडकवतात.

आता जर्मनी. भारतीय लायसनसोबत तिकडं भाषांतर लागतं, ते काम आयडीपी करते. राहायला गेलेल्याला सहा महिने, मग तिथलं लायसन. (जाता जाता, जपानला पण आपली आयडीपी चालते, चीनमध्ये कुठलीच चालत नाही.)

उजव्या साइडची सवय मला अर्ध्या दिवसात लागली, डोक्यात एवढंच ठेवायचं की ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडं असतो. फजिती दुसरीकडंच झाली. मुलीच्या गल्लीत मी सरळ चाललो होतो, रस्ता रुंद, उजवीकडून एक बारका रस्ता येऊन मिळत होता, त्यातून एक कार आली आणि मी आपला माझ्या हिशोबानं मोठ्या रस्त्यावर म्हणून गेलो पुढं. त्यानं कचकन ब्रेक मारला आणि काच खाली करून जे काय बोलला त्याचं भाषांतर मुलीनं आजपर्यंत केलेलं नाही. नियम असा, पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी, मग त्याचा रस्ता बोळ का असेना. सव्वीस वर्षं शिकवलेला माणूस, पोरीसमोर मान खाली घालून बसलो.

ऑटोबानला, म्हणजे तिथल्या महामार्गांना, सगळीकडं वेगाचं लिमिट नाही हे खरं, ताशी १३० किलोमीटर ही शिफारस आहे, पण पेट्रोल संपून थांबलात तरी दंड बसू शकतो. मला आवडलं ते वेगळंच. ट्रॅफिक हळू झाला की डावीकडच्या लेनवाले डावीकडं सरकतात, बाकीचे सगळे उजवीकडं, आणि मधे ॲम्ब्युलन्सला गल्ली तयार, अजून सायरन वाजलेला पण नसतो. खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या की आपण काय करतो ते आठवलं, जिथं फट दिसेल तिथं पुढचं चाक.

फ्रँकफर्टला उतरून दमलेल्या अंगानं लगेच गाडी ताब्यात घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी बहिणीला शेजारी बसवून रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिरव. तिकडं इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला आणि वायपरची उजव्या, आपल्या उलटं, त्यामुळं पहिल्या दोन-तीन वळणांना कडक उन्हात वायपर चालू होणार. माझा झाला होता, मागच्या गाडीतली बाई हसत होती.