वाचकांचे प्रश्न : हीटरचा कॉक घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझी पेट्रोल मोटार जुनी आहे. सकाळी निघताना एसी चांगला गार असतो. पण इंजिन तापले की कोमट हवा येऊ लागते. एसीचा गॅस तपासला, तो पुरेसा आहे. गॅरेजवाल्यांच्या मते हीटरचा कॉक खराब झाला असून हीटर बायपास करून टाकावा, म्हणजे त्याच्याकडे कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) जाऊच देऊ नये. तसे करावे, की नवा कॉक घरीच बसवता येईल? – एक वाचक, कराड

उत्तर : गॅरेजवाल्यांचे निदान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. इंजिनातले गरम कूलंट हीटरकडे जाऊ द्यायचे की अडवायचे, हे हा कॉक ठरवतो. तो पूर्ण बंद झाला नाही, तर सुमारे ९० अंशांचे कूलंट डॅशबोर्डमागे फिरत राहते आणि एसीने गार केलेली हवा तिथे पुन्हा तापते. खात्रीसाठी तापमानाचे बटण पूर्ण थंडकडे ठेवून इंजिन तापवा, मग ते बंद करून कॉकपासून हीटरकडे जाणाऱ्या होजला (रबरी नळीला) जपून हात लावा. ती चटका देण्याइतकी गरम असेल, तर कॉक बंद असूनही कूलंट पुढे सोडतो आहे किंवा बटणाकडून त्याच्याकडे येणारी केबल पुरती ओढली जात नाही. केबलची क्लिप नुसती सरकलेली असणे हे फार वेळा आढळते, म्हणून नवा कॉक आणण्याआधी ती पाहाच. नव्या अनेक गाड्यांत मात्र असा कॉक नसतोच. तिथे हवेची झडप उष्णता कमीजास्त करते.

बायपास मला पटत नाही. पावसाळ्यात घाटात काचेवर धरलेली वाफ घालवायला एसीच्या जोडीला हीटर लागतो, आणि चढावर इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण चालू करून त्याची थोडी उष्णता काढून घेता येते.

काम घरी जमण्याजोगे आहे, पण इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे कूलंट उसळून गंभीर भाजते. होज ओढून काढण्याचा मोह टाळा. होज ज्यावर बसते ती हीटरची नळी नाजूक असते आणि ती वाकली वा तडकली, तर संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. होज आधी हलकेच पिळून सैल करा. तरीही सुटली नाही, तर ती उभी चिरून नवी घाला. नवा कॉक त्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेला ठेवून बसवा. केबल जोडताना आतले बटण पूर्ण थंडवर आणि कॉकची दांडी पूर्ण बंदवर ठेवूनच क्लिप लावा, नाहीतर नवा कॉकही जुन्यासारखाच वागेल.

त्यानंतर हवा काढणे महत्त्वाचे. बटण पूर्ण गरमकडे ठेवा, कूलंट भरा आणि झाकण उघडे ठेवून रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. बुडबुडे येतील तशी भर घालत राहा. नंतर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर आत हवा उरली आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी आणि क्लिपांजवळचा ओलावा तपासा. होज काढताना खाली गोळा केलेले कूलंट अंगणात सांडू देऊ नका. ते चवीला गोडसर पण विषारी असते, आणि कुत्री-मांजरी ते चाटतात.