नागरीकरण, नगरीकरण की शहरीकरण? आणि ‘नागरी’ म्हणजे नेमके कोणाचे?

प्रश्न असा आहे: शहरांच्या इतिहासावर मराठीत लिहिताना एकाच संकल्पनेसाठी कोणी ‘शहरीकरण’ लिहितो, कोणी ‘नागरीकरण’, तर कोणी ‘नगरीकरण’. यांत फरक आहे का? शिवाय ‘नागरी हक्क’ यातला ‘नागरी’ जर शहराचा, तर खेड्यातल्या माणसाचे काय?

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. ‘नागरी’ हे विशेषण आज दोन ठिकाणांहून येते: एकदा ‘नगर’पासून आणि एकदा ‘नागरिक’पासून. ‘नागरी सहकारी बँक’ किंवा १९७६ चा ‘नागरी जमीन कमाल धारणा कायदा’ यांत नगर आहे. ‘समान नागरी कायदा’, ‘नागरी हक्क’ यांत नागरिक आहे. ‘महाराष्ट्र नागरी सेवा नियम’ दूरच्या खेड्यातल्या तलाठ्यालाही लागू होतात, आणि ‘नागरी पुरवठा’ खात्याचे रेशन दुकान वाडीवस्तीवरही असते. तिथे ‘नागरी’चा अर्थ लष्करी नव्हे तो, म्हणजे मुलकी.

हे असे का झाले? लॅटिनमध्ये शहराला दोन शब्द होते. ‘ऊर्ब्स’ म्हणजे दगडविटांचे, तटाच्या आतले शहर. ‘सिव्हिटास’ म्हणजे त्यातल्या हक्कदार लोकांचा समुदाय. युरोपीय भाषांतले ‘अर्बन’ पहिल्यापासून निघाले आणि ‘सिव्हिल’, ‘सिटिझन’ दुसऱ्याच्या घराण्यातून. मराठीने हे दोन्ही गट ‘नगर’ या एकाच मुळावरून उतरवून घेतले, त्यामुळे दोन अर्थांचा भार एका ‘नागरी’वर पडला.

‘नागरिक’ हा शब्द जुना, पण त्याचा आजचा अर्थ नवा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरिकप्रणिधि’ नावाचे प्रकरण आहे आणि तिथला नागरिक हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. त्याच्या हाताखाली नगराच्या चौथ्या भागावर एक ‘स्थानिक’ आणि दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक ‘गोप’. गोपाने आपल्या कुटुंबांतल्या स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नाव, धंदा, आणि शिवाय जमाखर्चही माहीत ठेवायचा. म्हणजे मोजणारा तो नागरिक. मोजले जाणारे नव्हेत. आज तोच शब्द देशाच्या कोणत्याही घटकाला लागतो, म्हणून ‘ग्रामीण भागातील नागरिक’ या प्रयोगात काहीही विसंगती नाही. तो बिनधास्त वापरावा.

‘शहर’ मात्र उलट दिशेने आला. फारसी ‘शहर’ प्राचीन इराणी भाषेतल्या ‘राज्य, सत्ता’ या अर्थाच्या शब्दापासून आला, आणि त्या शब्दाचा संस्कृत भाऊ म्हणजे ‘क्षत्र’. इराणच्या सासानी राजघराण्याच्या काळापर्यंत ‘शहर’ म्हणजे देश किंवा राज्यच होते. त्यांच्या साम्राज्याचे नाव ‘एरानशहर’ होते. पुढे अर्थ आकसत एका वस्तीपुरता उरला. ‘नागरिक’ नगराकडून राज्याकडे गेला, ‘शहर’ राज्याकडून नगराकडे आला. ‘पुर’ची गोष्ट आणखी वेगळी: वेदातला ‘पुर्’ म्हणजे तटबंदीची जागा, आणि ग्रीक ‘पोलिस’ त्याच घराण्यातला मानला जातो.

आता ‘-करण’कडे. ‘नागरीकरण’ यातला ‘री’ हा ‘नागरी’ या विशेषणातला नाही. हा संस्कृतातला च्वि प्रत्यय आहे: जे आधी तसे नव्हते ते तसे करणे. नागर नव्हते ते नागर करणे, म्हणून नागरीकरण. ‘सुलभीकरण’, ‘सबलीकरण’ यांसारखेच. त्यामुळे ‘री’ नेहमी दीर्घ. ‘नागरिकरण’ हे ऱ्हस्व रूप वारंवार छापले जाते, बहुधा ‘नागरिक’ डोक्यात असल्यामुळे, ते चूकच. ‘नगरीकरण’ म्हणजे जे नगर नव्हते ते नगर होणे. व्याकरणाला धरून आहे, पण वापर कमी. ‘शहरीकरण’वर फारसी शब्दाला संस्कृत शेपूट लावल्याचा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. ‘खासगीकरण’, ‘बाजारीकरण’ आपण रोज वापरतो. मराठीत हा प्रत्यय आता घरचाच झाला आहे.

ज्या मूळ शब्दासाठी हे तिन्ही आले, त्या ‘अर्बनायझेशन’चाही अर्थ सरकलेला आहे. बार्सिलोनाच्या विस्ताराचा आराखडा १८५९ मध्ये करणारा अभियंता इल्देफोन्स सेर्दा याने १८६७ च्या ग्रंथात ‘ऊर्ब्स’वरून ‘उर्बानिझासिओन’ हा शब्द घडवून वापरला. त्याला माणसांच्या टक्केवारीबद्दल बोलायचे नव्हते. वस्ती कशी मांडावी याचे शास्त्र हवे होते. त्याच्या आराखड्यातले नेहमीचे रस्ते २० मीटर रुंद, रस्त्यांमधले इमारतींचे चौरस गाळे बाजूला सुमारे ११३ मीटरचे, आणि चौकात वळताना समोरचे दिसावे म्हणून गाळ्यांचे कोपरे तिरके छाटलेले. या अर्थाला मराठीत आज ‘नगररचना’ म्हणतात, नागरीकरण नव्हे.

आजचा अर्थ प्रमाणाचा आहे, आणि चूक सर्वात जास्त इथेच होते. समजा एका देशात १० कोटी लोक आहेत, त्यांतले ३ कोटी शहरांत. काही वर्षांनी लोकसंख्या १२ कोटी आणि शहरांतली ३ कोटी ६० लाख झाली. शहरे फुगली, ६० लाख माणसे वाढली, पण प्रमाण ३० टक्केच राहिले. याला ‘नागरीकरण वाढले’ म्हणू नये. ‘नागरी लोकसंख्या वाढली’ म्हणावे. शहराची हद्द पसरली तर ‘शहराचा विस्तार’. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोक शहरवासी निघाले, तो खरा नागरीकरणाचा आकडा. भारतातही वस्ती नुसती मोठी असून भागत नाही. स्थानिक संस्थेचा दर्जा नसलेले गाव जनगणनेत नागरी धरायचे, तर लोकसंख्या किमान ५,०००, वर्षातले किमान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तिन्ही अटी एकत्र लागतात.

पुरातत्त्वात ‘पहिले नागरीकरण’ म्हणजे हडप्पा संस्कृतीचे आणि ‘दुसरे नागरीकरण’ म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचे, गंगेच्या खोऱ्यातले. हे शब्द रुळले आहेत. तिथे ‘शहरीकरण’ घालून वाचकाला अडखळवू नये. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डने पहिल्या शहरांच्या उदयासाठी मांडलेल्या ‘अर्बन रिव्होल्यूशन’ या संकल्पनेलाही ‘नागरी क्रांती’च म्हणावे.

राहिली विशेषणे. ‘नागर’ म्हणजे शहरी, आणि त्यासोबत सफाईदार, सुसंस्कृत. लॅटिन ‘उर्बानुस’लाही नेमकी हीच छटा होती. कामसूत्रातला ‘नागरक’ म्हणजे असाच शौकीन शहरवासी. याच्या उलट ‘ग्राम्य’ इतका घसरला की काव्यशास्त्रात ‘ग्राम्यत्व’ हा दोष ठरला. म्हणून खेड्याशी संबंधित एवढेच म्हणायचे असेल तर ‘ग्रामीण’ लिहावे, ‘ग्राम्य’ नको.

माझा कौल असा: प्रक्रियेसाठी ‘नागरीकरण’ किंवा ‘शहरीकरण’, पण एका लेखात एकच. विशेषण म्हणून जिथे दोन अर्थ निघू शकतात तिथे ‘शहरी’. ‘नागरी समस्या’ म्हटले की गटारे की पासपोर्ट, हे वाचकाला कळत नाही. ‘शहरी समस्या’ आणि ‘नागरिकांच्या समस्या’ असे लिहिले की कळते.