छाया मंत्र्यांचे काम नेमके काय असते?

प्रश्न : ब्रिटनच्या संसदेविषयीच्या बातम्यांत ‘छाया अर्थमंत्री’, ‘छाया गृहमंत्री’ असे उल्लेख वारंवार येतात. विरोधी पक्षाने एकेका मंत्र्यासमोर उभ्या केलेल्या या मंडळींच्या हाती खाते नसते, फायलींवर सही करण्याचा अधिकार नसतो आणि सभागृहातले बहुमतही त्यांच्या विरोधात असते. मग ही पदे केवळ नावापुरती आहेत, की संसदेच्या कामकाजात त्यांना खरे स्थान आहे? त्यांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळते का?

उत्तर : वेतनाचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येते. विरोधी पक्षनेत्याला सरकारी वेतन देण्याची तरतूद १९३७च्या कायद्याने प्रथम झाली आणि तेव्हा ते वर्षाला २,००० पौंड होते. आज १९७५च्या कायद्यानुसार कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातील विरोधी पक्षनेता, त्याचा मुख्य प्रतोद आणि दोन साहाय्यक प्रतोद, तसेच लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहातील विरोधी पक्षनेता व मुख्य प्रतोद एवढ्यांनाच वेतन मिळते. छाया अर्थमंत्र्यापासून खालपर्यंतच्या बाकी सर्वांना खासदार म्हणून जे मिळते त्यावरच भागवावे लागते. त्यांच्या पदांचा उल्लेख कायद्यात नाही. सत्तेवरून पायउतार झालेल्या माजी मंत्र्यांनी एकत्र बसून धोरण ठरवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली, प्रत्येकाला ठरावीक खाते नेमून देण्याची शिस्त विसाव्या शतकाच्या मध्यावर आली, आणि आज जे दिसते ते सारे या प्रथेवर उभे आहे.

मात्र पद प्रथेतून आलेले असले, तरी ते पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. कॉमन्सच्या सभागृहात मधल्या टेबलावर दोन लाकडी पेट्या समोरासमोर ठेवलेल्या असतात. एकीपाशी मंत्री उभा राहून बोलतो, तर दुसरीपाशी त्याच खात्याचा छाया मंत्री. युद्धात बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेले सभागृह १९५०मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा या पेट्या न्यूझीलंडने भेट दिल्या होत्या. मंत्री जेव्हा सभागृहात निवेदन करतो, तेव्हा त्याला साधारण दहा मिनिटे मिळतात आणि छाया मंत्र्याला उत्तरासाठी त्याच्या निम्मी. निवेदनाच्या प्रती सरकारी प्रतोदांच्या कार्यालयात किमान पाऊण तास आधी पोहोचाव्यात, असे मंत्र्यांच्या आचारसंहितेत नमूद आहे आणि त्यातली प्रत थोडा वेळ आधी विरोधकांना दाखवण्याचा रिवाज आहे. म्हणजे समोरच्या मंत्र्यामागे हजारो कर्मचाऱ्यांचे खाते महिनोनमहिने राबत असताना, छाया मंत्र्याला काही मिनिटांत मजकूर वाचायचा, त्यातली फट शोधायची आणि उभे राहून बोलायचे असते. विषय आधीपासून पक्का मुरलेला नसेल, तर हे साधत नाही.

याचे सर्वांत कसोटीचे उदाहरण १५ फेब्रुवारी १९९६चे आहे. इराकला संरक्षण सामग्री विकण्याच्या प्रकरणाची सर रिचर्ड स्कॉट यांनी चौकशी केली होती आणि त्यांचा पाच खंडांचा, सुमारे अठराशे पानांचा अहवाल त्या दिवशी सभागृहापुढे आला. मंत्र्यांच्या हाती तो कित्येक दिवस आधी पडला होता. छाया परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांना तो चाळण्यासाठी त्याच दिवशी जेमतेम काही तास मिळाले. तरीही कुक यांनी पेटीपाशी उभे राहून सरकारच्या दाव्याला मुद्देसूद उत्तर दिले, आणि ते देता आले याचे कारण चौकशीतली साक्ष व कागदपत्रे त्यांनी आधीपासून बारकाईने अभ्यासली होती. २६ फेब्रुवारीला या अहवालावर जी चर्चा झाली, तीत सरकार ३२० विरुद्ध ३१९ अशा एका मताने वाचले. कोणीही मंत्री त्यामुळे गेला नाही हे खरे. परंतु प्रकरण दडपले जाणार नाही एवढी खात्री त्या एका माणसाच्या तयारीने झाली होती, आणि छाया मंत्र्याच्या कामाची किंमत मोजायची तर ती येथे मोजावी असे मला वाटते.

प्रश्नोत्तरांच्या तासाला प्रत्येक खात्याची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते. सामान्य सदस्यांचे प्रश्न चिठ्ठ्या टाकून क्रमाने लागतात. छाया मंत्र्यांना त्यांत नाव घालावे लागत नाही, कारण सभागृहाचे अध्यक्ष त्यांना आपणहून पाचारण करतात आणि ते काय विचारणार हे मंत्र्याला आधी कळत नाही. बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना विरोधी पक्षनेता जे सहा प्रश्न विचारतो, त्यांची ध्वनिचित्रफीत जगभर फिरते. माझ्या मते त्या अर्ध्या तासाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळते आणि खात्याखात्यांच्या या प्रश्नांना कमी.

त्याहूनही दुर्लक्षित राहते ते विधेयकांच्या समितीतले काम. दुसऱ्या वाचनात, म्हणजे विधेयकाच्या तत्त्वावरील चर्चेत, मंत्र्यानंतर लगेच छाया मंत्री बोलतो, त्याचे वृत्तांकन होते. पण नंतर विधेयक समितीकडे गेले की तेथे कलमामागून कलम, ओळीमागून ओळ वाचली जाते, आठवडेच्या आठवडे. अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द का नको, हा अधिकार मंत्र्याच्या मर्जीवर का सोडला, ही मुदत किती दिवसांची, असे प्रश्न छाया मंत्री दुरुस्त्यांच्या रूपाने मांडतो. मंत्र्याच्या शेजारी अधिकारी बसलेले असतात आणि उत्तराच्या चिठ्ठ्या पुढे सरकवतात. छाया मंत्र्याजवळ एखाद-दुसरा साहाय्यक आणि त्या क्षेत्रातल्या संस्थांनी पाठवलेली टिपणे एवढीच शिदोरी असते. त्याच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा फेटाळल्या जातात. पण मंत्र्याला प्रत्येक कलमाचे समर्थन नोंदीवर द्यावे लागते, आणि समितीत फेटाळलेला मुद्दा पुढे लॉर्ड्समध्ये सरकारनेच आपली दुरुस्ती म्हणून आणल्याचे प्रसंगही घडतात. त्या वेळी श्रेय कोणाला मिळाले याची नोंद वर्तमानपत्रे ठेवत नाहीत.

साधनांची ही तफावत थोडी भरून निघावी म्हणून १९७५पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी दिला जातो. त्या वेळचे सभागृहनेते एडवर्ड शॉर्ट यांच्या नावावरून तो ‘शॉर्ट मनी’ म्हणून ओळखला जातो. तो मिळूनही तफावत मोठीच राहते, विशेषतः निवडणुकीत पक्षाची वाताहत झाली असेल तेव्हा. २०२४च्या जुलैत हुजूर पक्षाचे केवळ १२१ सदस्य निवडून आले. कॉमन्समधील मंत्र्यांच्या संख्येवर कायद्याने ९५ची मर्यादा आहे, म्हणजे प्रत्येक मंत्र्यासमोर एक माणूस उभा करायचा तर जवळजवळ सगळा पक्षच पहिल्या बाकावर, म्हणजे छाया मंत्र्यांच्या जागी, बसवावा लागेल. अशा वेळी एकेका सदस्याकडे दोन-दोन विषय येतात आणि छाननीचा दर्जा घसरतो.

आपण बहुमताचा मुद्दा मांडला आहे, तो रास्त आहे. मतदानात छाया मंत्री हरणार हे बहुधा ठरलेलेच असते. तरी हरणाऱ्या प्रस्तावानेही सरकार कसे उघडे पडते हे १९ ऑक्टोबर २०२२ रोजी दिसले. प्रत्येक अधिवेशनातले वीस दिवस विरोधकांचे असतात, त्यांतले सतरा मुख्य विरोधी पक्षाचे, आणि त्या दिवशी कशावर चर्चा व्हायची ते विरोधक ठरवतात. पंतप्रधान लिझ ट्रस यांनी सप्टेंबरमध्ये फ्रॅकिंगवरील, म्हणजे खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्यावरील स्थगिती उठवली होती. हुजूर पक्षाच्याच २०१९च्या जाहीरनाम्याशी ते विसंगत होते आणि त्या पक्षाचे अनेक खासदार नाराज होते. मजूर पक्षाचे छाया हवामानमंत्री एड मिलिबँड यांनी नेमका हा विषय निवडला. फ्रॅकिंगबंदीच्या विधेयकासाठी सभागृहाचा वेळ राखून ठेवावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. सरकारच्या प्रतोदांनी सकाळी आपल्या सदस्यांना कळवले की हे मतदान सरकारवरील विश्वासाचे मानले जाईल. चर्चेच्या अखेरीस मंत्र्यांनी उभे राहून तसे काही नाही म्हणून सांगितले. कोणत्या आदेशानुसार मत द्यायचे हेच सत्ताधारी खासदारांना उमगेना आणि मतदानाच्या दालनाबाहेर गोंधळ माजला. प्रस्ताव २३० विरुद्ध ३२६ मतांनी फेटाळला गेला, पण दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. त्यामागे अर्थकारणातील घसरणीची मोठी कारणे होती, एकट्या प्रस्तावाने सरकार पडले असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरी सत्तारूढ पक्षात दुफळी कोठे आहे हे ओळखून तेथे बोट ठेवणे, हे छाया मंत्र्याचे कौशल्य त्या दिवशी पुरेपूर दिसले. ट्रस यांचे उत्तराधिकारी ऋषी सुनक यांनी आठवड्याभरात स्थगिती पुन्हा लागू केली.

प्रश्न : छाया मंत्री राजीनामा देतात असे वाचतो. सत्ताच नाही, तर राजीनामा कशाचा? आणि त्यांना नेमते कोण?

उत्तर : मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी असते, तिचाच नियम छाया मंत्रिमंडळाने स्वतःला लावून घेतला आहे. पक्षाने ठरवलेल्या भूमिकेविरुद्ध मत द्यायचे असेल, तर आधी पहिले बाक सोडायचे. फेब्रुवारी २०१७मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या विधेयकाला विरोध करण्यासाठी क्लाइव्ह लुइस यांनी छाया उद्योगमंत्रिपद सोडले. नोव्हेंबर २०२३मध्ये गाझातील युद्धविरामाच्या प्रस्तावाच्या बाजूने मत देण्यासाठी मजूर पक्षाच्या आठ छाया मंत्र्यांनी पदे सोडली. कधी नेता स्वतःच काढून टाकतो : बर्मिंगहॅममधील स्थलांतरितांविषयीच्या भाषणानंतर हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी एनॉक पॉवेल यांना एप्रिल १९६८मध्ये छाया संरक्षणमंत्रिपदावरून दूर केले.

नेमणूक आज नेताच करतो. हुजूर पक्षात तशीच रीत होती. मजूर पक्षात मात्र विरोधात असताना छाया मंत्रिमंडळ खासदारांच्या मतदानाने निवडले जाई आणि नेता केवळ खातेवाटप करी. ही पद्धत एड मिलिबँड यांनी नेते असताना २०११मध्ये बंद केली. नेत्याच्या हाती नेमणूक असली तरी माणसे मिळायला हवीत. जून २०१६च्या अखेरीस मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांना काढताच छाया मंत्रिमंडळातील वीसहून अधिक जणांनी एकापाठोपाठ राजीनामे दिले आणि खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी नेत्यावर अविश्वास दाखवला. कॉर्बिन टिकले, परंतु पदे भरताना एकाच व्यक्तीकडे दोन-दोन कामे सोपवावी लागली. मतभेद प्रामाणिक असतील, तर पद सोडून ते उघड मांडणेच योग्य, हे मला मान्य आहे. पण इतक्या जणांनी एकदम बाके सोडली की मंत्र्यांना विचारणारे कोणी उरत नाही, याचाही विचार व्हायला हवा होता.

प्रश्न : सत्ताबदल झाल्यावर छाया मंत्र्याला तेच खाते मिळते का?

उत्तर : तसा नियम नाही, मात्र अपेक्षा असते. जुलै २०२४मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आल्यावर रेचल रीव्ह्‌ज अर्थ, यव्हेट कूपर गृह, डेव्हिड लॅमी परराष्ट्र, जॉन हीली संरक्षण आणि वेस स्ट्रीटिंग आरोग्य, अशी बहुतेकांना आपापली खाती मिळाली. एमिली थॉर्नबेरी छाया महान्यायवादी होत्या, ते पद दुसऱ्याला गेले. छाया सांस्कृतिक मंत्री थँगम डेबोनेअर यांचा तर आपल्या मतदारसंघातच पराभव झाला.

खाते हाती येण्याआधी त्याची ओळख व्हावी म्हणून १९६४पासून एक प्रथा पडली आहे. पंतप्रधानांच्या परवानगीने, निवडणुकीच्या काही महिने आधी छाया मंत्री त्या खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना खासगीत भेटतात. अधिकारी सल्ला देत नाहीत. विरोधी पक्षाचे बेत ऐकून घेतात, शंका विचारतात आणि तयारीला लागतात. सुनक यांनी २०२४च्या जानेवारीत अशी परवानगी दिली होती. नीट तयारी झाली असेल तर काय होते हे १९९७मध्ये दिसले. १ मे रोजी निवडणूक होऊन मजूर पक्ष सत्तेवर आला आणि पाच वर्षे छाया अर्थमंत्री राहिलेल्या गॉर्डन ब्राऊन यांनी ६ मे रोजी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देण्याची घोषणा केली.

विरोधात असताना दिलेला शब्द मात्र सत्तेवर आल्यावर सुटत नाही. छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी १९९२च्या निवडणुकीआधी आपला पर्यायी अर्थसंकल्पच मांडला, त्यातील करवाढीवर हुजूर पक्षाने प्रचार केला आणि मजूर पक्ष हरला. त्यावरून धडा घेऊन ब्राऊन यांनी जानेवारी १९९७मध्ये प्राप्तिकराचे दर न वाढवण्याची आणि पहिली दोन वर्षे हुजूर पक्षाच्याच खर्चमर्यादा पाळण्याची हमी दिली, आणि पुढे ती पाळताना स्वपक्षीयांची नाराजी पत्करली. २०२४च्या निवडणुकीत मजूर पक्षाने कष्टकऱ्यांवरील प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा (वेतनावर घेतला जाणारा सामाजिक सुरक्षेचा हप्ता) आणि मूल्यवर्धित कर वाढणार नाही असे सांगितले होते. ३० ऑक्टोबरला अर्थमंत्री म्हणून रीव्ह्‌ज यांनी मालकांकडून घेतला जाणारा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के केला. अर्थसंकल्पाला उत्तर छाया अर्थमंत्री नव्हे, तर विरोधी पक्षनेता देतो. त्या दिवशी ते सुनक यांनी दिले आणि निवडणुकीतले ते आश्वासन मोडल्याचा आरोप करत ते पेटीपाशी उभे राहिले.