युद्ध झालं की बायका जास्त कामाला लागतात का? बेळगावसारख्या फौजी भागात काय होतं?

लागतात, पण टिकतंच असं नाही. ब्रिटनने डिसेंबर 1941 च्या कायद्याने 20 ते 30 वयाच्या अविवाहित बायकांना सक्तीने युद्धकामावर घेतलं. आपल्याकडे कोळसा खाणीत जमिनीखाली उतरायची बायकांवरची बंदी 1943 मध्ये उठवली, 1946 मध्ये परत घातली. गरज सरो, वैद्य मरो! अमेरिकेत मात्र ज्या राज्यांतून जास्त पुरुष लढाईवर गेले, तिथे 1950 मध्येही बायका जास्त संख्येने कामावर दिसतात.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, खानापूर-निपाणीकडे फौजी घरं भरपूर. जवान सीमेवर गेला की भात, ऊस, जनावरं, सोसायटीचं कर्ज सगळं बाईवर. तरी गणतीवाल्यानं विचारलं तर उत्तर ‘घरीच असते’, म्हणून आकडा हलत नाही. उतारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे पीककर्जाला तिची सही चालत नाही.

जवान सुट्टीवर आल्यावरच नवरा-बायकोचं जॉइंट खातं उघडा, ‘दोघांपैकी कुणीही’ चालवेल असं. दोघांच्या सहीची अट घातलीत तर पैसे अडकतील. शेतीसाठी बायकोला मुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही करायचा अधिकार) करून द्या. मात्र देणारा वारला की तेही संपतं, मग वारसा नोंदच लावावी लागते.